पेन्शनीनंतरचा धर्म

आमच्या सुशिक्षित घरांतून पेन्शनीचा दिवस हा विश्रांतीचा आरंभ मानला जातो. जन्मभर राबलेल्या गृहस्थानें आतां नातवंडें खेळवावींत, पथ्यपाणी सांभाळावें, अशी घरच्या मंडळींची इच्छा असते. व ती गैर नाहीं. तथापि एवढ्या वर्षांची विद्या त्या दिवसापासून खुंटीला टांगावयाची काय, हा प्रश्न उरतोच. त्याचें एक उत्तर आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या चरित्रांत सांपडतें. तें वाचकांपुढें ठेवितों.

राय यांचा जन्म १८६१ सालचा. एडिंबरो येथें रसायनशास्त्राचें अध्ययन करून ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत अध्यापक झाले. पगारांतून शिल्लक टाकून त्यांनीं राहत्या घरींच औषधें तयार करण्यास आरंभ केला. त्यांतूनच १९०१ मध्यें 'बेंगॉल केमिकल' ही कंपनी उभी राहिली. आपल्या संस्कृत रसग्रंथांवरही त्यांनीं परिश्रम केले, व हिंदु रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ मध्यें प्रसिद्ध केला. त्याच सुमारास गांधीजी कलकत्त्यास नामदार गोखल्यांकडे राहिले होते. गोखल्यांनीं राय यांची ओळख करून दिली ती अशी कीं, हे गृहस्थ ८०० रुपये वेतनांतून स्वतःपुरते ४० ठेवितात व बाकीचे लोककार्यास देतात. गांधीजींच्या आत्मचरित्रांत ही हकीकत आहे.

१९१६ सालीं सरकारी नोकरी संपली, तेव्हां राय विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजांत गेले. १९२१ मध्यें साठी पुरी होतांच पुढील सर्व वेतन त्यांनीं रसायनशाखेच्या वाढीसाठीं विद्यापीठास देऊन टाकलें. शिकविणें मात्र १९३६ पर्यंत चालूच ठेविलें. १९२२ मध्यें उत्तर बंगालांत महापूर आला, तेव्हां साहाय्य गोळा करणाऱ्या समितीच्या अग्रभागीं हाच वृद्ध प्राध्यापक होता. १९४४ सालीं ते निवर्तले.

कोणी म्हणेल, राय ब्रह्मचारी होते. आमच्यामागें मुलांचीं शिक्षणें आहेत, घरचीं आजारपणें आहेत. आक्षेप खरा आहे. गृहस्थानें घर उघडें टाकून दान करावें, असें कोणतेंही शास्त्र सांगत नाहीं. परंतु वेतन देतां येत नाहीं म्हणून वेळही देऊं नये, असें थोडेंच आहे? निवृत्त इंजिनिअरास आठवड्यांतून एकदां जवळच्या शाळेची प्रयोगशाळा पाहतां येईल. हिशेबनीसास एखाद्या वाचनालयाचें दप्तर नीट लावून देतां येईल. शिक्षकास वर्गांत मागें पडलेलीं चार मुलें घेऊन बसतां येईल. यास कवडीचाही खर्च नाहीं. आणि घरांतल्या नातवंडांस आजोबांच्या उपदेशापेक्षां, छत्री घेऊन रोज ठरल्या वेळीं बाहेर पडणारे आजोबाच अधिक कांहीं शिकवून जातील.