मासा टाकीएवढाच वाढतो?

वापी, पालघर किंवा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून प्लॅस्टिकच्या पिशवीत घरी येणारा मासा बहुतेक वेळा बोटाएवढा असतो. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना, ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा पंगास, लाल शेपटीचा कॅटफिश, सगळी पिल्लंच. पिल्लाच्या मापाने दोन फुटी टाकी घेतली जाते आणि पुढच्या अडचणी तिथूनच सुरू होतात. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते: भूकंपाने हलणारी जमीन, आणि पावसाळ्यात एकमेकांत मिसळणारं पाणी. म्हणून इथल्या हौशी माणसाने टाकीचं माप जास्त काळजीने ठरवावं, असं मला मनापासून वाटतं.

गैरसमज: मासा टाकीएवढाच वाढतो, मग थांबतो.

माशांचं सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने केलं आहे. लहान टाकीत माशाची वाढ खुंटते हे खरं, पण ते आजारपण असतं. थोड्या पाण्यात विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून अमोनिया आणि नायट्रेट साठत राहतं, भूक मंदावते, शरीर बेढब होतं आणि मासा अकाली मरतो. पूर्ण वाढलेला ऑस्कर साधारण 30 सेंटिमीटरचा होतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. दोन फुटी टाकीची रुंदी तेवढीच, जेमतेम 30 सेंटिमीटर असते. त्याला त्यात धड वळताही येत नाही.

चंदेरी अरोवाना 90 सेंटिमीटरपर्यंत जातो. पंगास आणि लाल शेपटीचा कॅटफिश एक मीटर ओलांडतात. हे दोन्ही घरात ठेवायचे मासेच नव्हेत, कितीही मोठा दिवाणखाना असला तरी. पंगास तर महाराष्ट्रातल्या जलाशयांत पिंजरे लावून खाण्यासाठी वाढवला जातो. थव्याने राहणारा हा भित्रा मासा एकटा पडला की दचकून काचेवर आपटतो आणि तोंड फोडून घेतो. दुकानदार त्याला ‘शार्क’ म्हणतो तेव्हा घरातल्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं.

गैरसमज: एक इंच माशाला चार लिटर पाणी पुरे.

गप्पी, टेट्रा अशा बारक्या माशांसाठी हा अंदाज चालतो. मोठ्या माशाला तो लावला की फसतो, कारण लांबी दुप्पट झाली की वजन सुमारे आठपट होतं. 5 सेंटिमीटरचं पिल्लू 30 सेंटिमीटरचं झालं तर लांबी सहापट होते, पण वजन दोनशेपटीच्या घरात जातं. तो खातो आणि घाण करतो ते त्या वजनाच्या हिशेबाने.

एका ऑस्करला किमान चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी हवी, म्हणजे साधारण 250 लिटर. जोडीला सहा बाय दोन बाय दोन फूट, जवळपास 680 लिटर. अरोवानाला लांबीबरोबर रुंदीही लागते. तीन फुटांचा मासा दोन फूट रुंदीत अंग मोडूनच वळतो, म्हणून आठ बाय तीन फुटांची तयारी नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. तो पाण्याबाहेर उडी मारतो, तेव्हा वरचं झाकणही घट्ट हवं. उंचीला मात्र फारसं महत्त्व नाही. उंच आणि अरुंद टाकी दिसते झोकदार, पण माशाला पोहायला जागा देत नाही.

पाण्याचाही हिशेब आधीच करा. दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलावं लागतं, म्हणजे सहा फुटी टाकीला 170 ते 225 लिटर. एप्रिल-मे महिन्यांत ज्या पाड्यांवर हंड्यासाठी पायपीट होते, तिथे ही हौस करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. किनाऱ्याजवळ बोअरचं पाणी खारट असेल तर ते तपासूनच मासा निवडावा.

गैरसमज: टाकी जड असली की ती हलत नाही.

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी परिसराने ते सर्वांत जास्त सोसले. 1 फेब्रुवारी 2019 रोजी 4.1 तीव्रतेचा धक्का बसला, लोक घराबाहेर तंबूंत झोपू लागले. अशा ठिकाणी टाकीचं वजन आधी मोजायला हवं. 250 लिटर पाणी म्हणजे पाव टन. काच, वाळू, दगड आणि स्टँड धरून आकडा 300 किलोंच्या पुढे जातो. धक्का बसला की आतलं पाणी उसळून एका बाजूला जातं, काचेच्या सांध्यांवर ताण येतो, आणि स्टँड उंच व अरुंद असेल तर सगळंच कलंडू शकतं.

म्हणून टाकी तळमजल्यावर, पक्क्या जमिनीवर ठेवा. स्टँड बुटका आणि रुंद बनवून भिंतीला जखडून घ्या, टाकीखाली थर्माकोलची शीट घाला, पाणी काठापासून तीन-चार इंच खाली ठेवा, विजेचा बोर्ड टाकीखाली लावू नका. टाकीशेजारी कुणाचंही अंथरूण नको, लहान मुलाचं तर नकोच. एवढं करायला घरात जागा नसेल तर लहान जातीचा मासा पाळा. त्याहून लहान टाकीतही मोती गुरामी किंवा छोट्या जातीच्या रेनबोचा थवा सुखाने राहतो.

गैरसमज: वाडीत हौद आहे, विहीर आहे, मग टाकी कशाला?

घोलवड-बोर्डीच्या चिकूवाडीतला हौद कोई माशांसाठी उत्तम. फक्त नवा सिमेंटचा हौद दोन-तीन आठवडे भरून रिकामा करत राहावा, कारण त्यातून चुना उतरतो. वरून जाळी लावावी, नाहीतर खंड्या आणि बगळे ठेवणार नाहीत. विहिरीत मात्र मासा सोडू नये. तो आजारी पडला तर दिसतही नाही, पकडताही येत नाही.

गैरसमज: मोठा झाला की धरणात सोडावा, त्यालाही मोकळं पाणी मिळतं.

डहाणूला जखमी समुद्री कासवांवर उपचार करून त्यांना पुन्हा समुद्रात सोडतात. ते पाहून मासा सोडणंही पुण्याचं वाटतं. पण कासव आपल्या समुद्रात परत जातं, ऑस्कर किंवा सकर (चिलखती कॅटफिश) मात्र दक्षिण अमेरिकेतला. उजनीच्या जलाशयात सकर पसरला आहे. त्याच्या काटेरी, चिलखती अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. मे 2023 मध्ये श्रीनगरच्या दाल सरोवरात उत्तर अमेरिकेतला ॲलिगेटर गार सापडला.

तलासरीच्या कुर्झे धरणात किंवा गावतळ्यात सोडलेला मासा तिथेच राहील याची खात्री नाही. पहिल्या पावसात ओढे, तळी आणि भातखाचरं एक होतात, वलगणीचे मासे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध येणारे, वर चढतात आणि पाड्यांवरची माणसं ते पकडायला निघतात. मळ्या, मुऱ्या, खवल यांच्या अंड्या-पिल्लांवर ताव मारणारा परका मासा त्याच पाण्याने वर चढेल. तोटा होईल तो या माशांवर पोट भरणाऱ्या वारली कुटुंबांचा.

मग अवजड झालेल्या माशाचं करायचं काय? खरेदीच्या वेळीच दुकानदाराला विचारा की मोठा झाल्यावर तो परत घेईल का. नाही म्हणाला तर तो मासा घेऊ नका. आधीच घरात असेल तर मोठी टाकी किंवा हौद असलेला पाळणारा शोधा, त्यात महिने गेले तरी चालतील. कुणीच मिळालं नाही तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने भूल देऊन त्याला मरण द्यावं लागतं. ते फार जड जातं, तरी तळ्यात सोडण्यापेक्षा तेच करावं.