नळातून गुलाबी पाणी येईपर्यंत

अलास्का हायवे हिवाळ्यात बंद होतो, असा अनेकांचा समज आहे. १९४२ साली बांधलेला हा रस्ता डॉसन क्रीकपासून पुढे बाराही महिने चालू असतो. बंद होतात त्या वाटेवरच्या सोयी. सप्टेंबर सरता सरता कॅम्पग्राउंडना कुलपं लागतात आणि रात्री पारा शून्याखाली जातो. म्हणून ‘आरव्हीचं (या चाकांवरच्या घराचं) काय ते घरी पोचल्यावर बघू’ म्हणणाऱ्यांचे पाण्याचे पाइप कधीकधी वाटेतच तडकतात.

निफाडला पारा पाच अंशांवर आला की आपल्याकडे पेपरात बातमी येते. इथे कॅनडातल्या अल्बर्टात गाडी उणे तीसमध्ये अंगणात उभी राहते. त्या थंडीची तयारी आपल्या हाडीमाशी नसते, ती शिकावी लागते.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘टाकी रिकामी केली की काम झालं’. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि ते टाकीपेक्षा पंपात, फिल्टरच्या भांड्यात, टॉयलेटच्या व्हॉल्व्हमध्ये दडून बसतं. पहिल्या वर्षी बाहेरच्या शॉवरचा नळ माझ्या लक्षातच आला नाही. हिवाळाभर काही दिसलं नाही. मे महिन्यात पाणी सोडलं आणि भिंतीमागे झिरपू लागलं. चीर केसाएवढी होती, पण प्लायवूड हाताने दाबलं की पाणी सुटत होतं.

म्हणून क्रम पाळा. गीझरचं पाणी गार होऊ द्या, दाब सोडा, मगच त्याचा बूच काढा. गरम पाण्याचा फवारा अंगावर आला तर भाजतं. रिकामा गीझर बायपास करा, नाहीतर पाइपांत भरायचं बावीस-तेवीस लिटर अँटीफ्रीझ नुसतं त्यातच जाईल. मग पंपाची नळी गुलाबी अँटीफ्रीझच्या कॅनमध्ये सोडून एकेक नळ उघडा, गरम आणि थंड दोन्ही. आधी खुरखुर, मग फेस, मग फिकट रंग. रंग गडद झाल्याशिवाय नळ बंद करू नका. सिंकखालच्या वाकड्या पाइपातही कपभर ओता.

कॅनवरचा ‘उणे ५०’ हा आकडा फॅरनहाइटमधला असतो, आणि त्याचा अर्थ तोवर ते द्रव राहतं असा नाही. पुष्कळ आधीच त्याचा बर्फाळ लगदा होतो, फक्त तो पाइप फोडत नाही. आत पाणी उरलं असेल तर तेवढीही हमी नाही. गाडीच्या इंजिनचं हिरवं अँटीफ्रीझ मात्र चुकूनही वापरू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, आणि हे पाइप पिण्याच्या पाण्याचे आहेत.

बॅटरी थंडीने मरते हेही अर्धसत्य. पूर्ण चार्ज असलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे चाळीसही सोसते. उतरलेली मात्र त्याच्या कितीतरी आधी गोठते. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, ती सरळ घरात आणा.

‘महिन्यातून दहा मिनिटं इंजिन चालवतो’ यानेही फायदा नाही. इंजिन पुरतं तापत नाही आणि तेलात ओल साठते. त्याऐवजी गाडी उभी करण्याआधीच पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून थोडी फिरवून आणा. उंदरांना पेन्सिलीएवढं भोक पुरतं, तिथे स्टील वूल कोंबा.

शेवटी गीझरच्या बटणावर कागद चिकटवा: ‘आत पाणी नाही’. वसंतात घाईघाईने बटण दाबलं तर कोरडा हीटर काही क्षणांत जळतो.