शेअर वाढले, म्हणजे पैसे वाढले का?

ताईंनो, आता आपल्याही घरांत मुलगा, सून मोबाईलवर शेअर घेतात. त्यामुळे 'बोनस' आणि 'विभाजन' (स्प्लिट) हे शब्द कानावर पडतात. ते नीट समजून घेऊ.

पुण्याच्या बजाज फायनान्स कंपनीचा शेअर जून २०२५ मध्ये एका शुक्रवारी नऊ हजारांच्या वर होता. सोमवारी, १६ जूनला, तोच हजाराच्या खाली दिसू लागला. माहीत नसलेल्याच्या पोटात गोळाच येईल! पण यात कुणाचं काही बुडालं नव्हतं. कंपनीने त्या दिवशी विभाजन आणि बोनस दोन्ही केले होते.

विभाजन म्हणजे सुटे करणं. पाचशेची नोट देऊन शंभराच्या पाच घेतल्या, तर नोटा वाढल्या, पैसे तेवढेच. आपल्या नागपूरच्या सोलर इंडस्ट्रीजने २०१६ साली असंच केलं. १० रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे २ रुपयांचे पाच शेअर झाले. अशा वेळी बाजारभावही त्याच प्रमाणात उतरतो.

आता बोनस. समजा, आपल्या गटात दहा जणी आहेत. प्रत्येकीची बचत ५,००० रुपये, म्हणजे ५०,००० झाले. व्याजातून जमलेला निधी आणखी ५०,०००. बैठकीत ठरलं, की हा निधी सगळ्यांच्या नावे बचतीत लिहायचा. प्रत्येकीच्या पुस्तकात १०,००० दिसतील. पण गटाकडे काल एक लाख होते, आजही एक लाखच आहेत ना? कंपनीही तसंच करते. राखीव निधी भांडवलात वळवते आणि त्याबदल्यात नवे शेअर देते.

बजाज फायनान्समध्ये आधी एकाचे दोन झाले, मग प्रत्येकावर चार बोनस मिळाले. दहा शेअर असलेल्याचे शंभर झाले आणि भाव साधारण एक दशांश झाला.

मग फायदा काय? भाव आवाक्यात येतो, लहान गुंतवणूकदाराला घेणं-विकणं सोपं जातं. पुढे पैसा वाढणार की नाही, हे मात्र कंपनीच्या नफ्यावरच ठरतं.

हे लक्षात ठेवा:

• भाव अचानक निम्मा दिसला, तर घाबरून विकू नका. आधी बोनस किंवा विभाजन झालंय का ते पाहा. भाव त्याच दिवशी उतरतो, नवे शेअर डिमॅट खात्यात यायला काही दिवस लागतात.

• रेकॉर्ड तारखेला शेअर खात्यात असेल, तरच बोनस मिळतो. पण 'फुकट मिळतात' म्हणून गटाचं कर्ज काढून शेअर घेऊ नका.

• बोनस शेअर विकताना करासाठी त्यांची खरेदी किंमत शून्य धरतात. म्हणून जुने कागद जपून ठेवा.

• सासऱ्यांच्या पेटीत जुनं शेअर प्रमाणपत्र सापडलं, तर रद्दीत टाकू नका. दहा लिहिलेले असतील, पण आज ते जास्तही झाले असतील. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल, तर शेअर सरकारी निधीकडे जातात. वारसाला अर्ज करून ते परत मागता येतात.

• बोनससाठी एक रुपयाही भरावा लागत नाही. 'बोनस शेअर हवेत तर पैसे पाठवा, ओटीपी सांगा' असा फोन आला, तर तो फसवणुकीचा समजा. फोन ठेवा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

पुढच्या बैठकीत गटाच्या निधीचं हे उदाहरण वहीवर मांडून बघा. घरी मुलांनाही विचारा, 'बोनस मिळाला, मग भाव किती उतरला?'