रोहू आजारी कशानं पडतो? मुंबईत माशाच्या प्रथिनांचं वजन होतंय



तळ्यात रोहू मरायला लागला की काय होतं, ते आपण सगळे बघतोय. अंगावर लाल चट्टे, पोट फुगलेलं, खवले सुटलेले. कोण म्हणतो चुना टाका, कोण दुकानातनं पुडी आणतो. रोग कुठला, ते कुणालाच ठाऊक नसतं. बोटुकलीचे आणि खाद्याचे पैसे मात्र पाण्यात जातात.

अशा रोगामागं बऱ्याचदा एरोमोनास हायड्रोफिला नावाचा जिवाणू असतो. तो ओळखायचा तर आधी निरोगी रोहूच्या अंगात काय असतं, हे माहीत पाहिजे. पवईची आयआयटी आणि वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था इथल्या शास्त्रज्ञांनी रोहूच्या शरीराच्या 17 भागांतली, शिवाय रक्तातली आणि गर्भातली प्रथिनं तपासली. सहा हजारांच्या आसपास प्रथिनांची ही माहिती 2022 मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली.

हे काम मास स्पेक्ट्रोमीटर करतो. तो म्हणजे फार बारीक काटा. माशाच्या तुकड्यातली प्रथिनं वेगळी काढतात, ट्रिप्सिन या पाचक रसानं त्यांचे बारके तुकडे करतात आणि वीजभार देऊन यंत्रात सोडतात. तुकड्यांच्या वजनावरनं प्रथिन ओळखतात. निरोगी आणि आजारी माशाची यादी शेजारी ठेवली की कुठलं प्रथिन वाढलं, कुठलं घटलं ते कळतं. अशा खुणांवरनं मासा मरायच्या आधीच रोग सांगणारी चाचणी उद्या निघू शकते. आज ती आपल्या कडोलीत मिळत नाही, हेही खरं.

तोवर एवढं करूया:

▪ पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर आधी पाण्यातला ऑक्सिजन कमी झालाय का बघा.

▪ कुजलेला मासा तपासणीला चालत नाही, त्यातली प्रथिनं मोडलेली असतात. आजारी पण जिवंत, नाहीतर नुकताच मेलेला मासा बर्फात घालून मत्स्यखात्याकडं न्या.

▪ सोबत तारीख, मेलेल्या माशांची संख्या, खाद्य आणि टाकलेलं औषध लिहून द्या.

▪ क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांना मत्स्यपालनात बंदी आहे. माशात राहिलेला त्यांचा अंश याच जातीची यंत्रं पकडतात.

मासा मरायला लागला की पुडी आणायच्या आधी सोसायटीत या. नमुना पाठवायला आम्ही मदत करू.

– सचिव