मुलाचे बॅडमिंटन आणि पालकांची घाई

आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी दहा-अकरा वर्षांचे एखादे मूल बॅडमिंटनात चमक दाखवू लागले, म्हणजे घरात प्रथम कौतुक होते आणि पाठोपाठ चिंता येते. जाणता शिक्षक हवा तर यवतमाळ गाठावे, ते सुमारे ४० किलोमीटर. अधिक सोय हवी तर नागपूर. मुलाला आताच बाहेर धाडावे काय, आणि न धाडले तर संधी कायमची हुकेल काय, हा प्रश्न आईबापांना झोपू देत नाही. माझे मत प्रारंभीच सांगून टाकतो. १३ वर्षांपर्यंत हा प्रश्न वाटतो तितका निकडीचा नाही. त्या वयात कमवावयाचे असते त्यातील पुष्कळसे गावातच मिळू शकते.

डोक्यावरून मारावयाचा फटका हा या खेळाचा कणा होय. ती हालचाल आणि दगड भिरकावण्याची हालचाल मूलतः एकच : अंग वळते, कोपर वर व पुढे येते, आणि शेवटी हाताचा पुढला भाग फिरून वेग देतो. चिंचा पाडण्यात जे मूल वाकबगार आहे, त्याचा हा पाठ अर्धा झालेलाच असतो. ज्याला असे फेकता येत नाही, त्याला रॅकेटपूर्वी एखादा जुना चेंडू द्यावा. रॅकेटची मूठ हस्तांदोलन करावे तशी, सैल धरावी. हातपंखा धरावा तशी धरण्याची सवय जडली, की ती मोडताना पुढे गुरू-शिष्य दोघेही रडकुंडीस येतात.

पायांचे काम त्याहून महत्त्वाचे. एकेरीचे कोर्ट ४४ फूट लांब व १७ फूट रुंद. आपल्या वाट्यास त्याचा अर्धा भाग. अंगणात तेवढी जागा आखून, मध्यापासून सहा दिशांना जाऊन परत येण्याचा सराव फूल नसतानाही करता येतो. मात्र सिमेंटवर फार उड्या मारवून घेऊ नयेत. वाढत्या वयात नडग्या व गुडघे दुखावतात. सपाट मातीची जमीन बरी.

फुलाविषयी, म्हणजे शटलविषयी, विदर्भातील पालकांनी विशेष लक्ष द्यावे. सामन्यातील फूल १६ पिसांचे, वजनाने सुमारे ५ ग्रॅम. हवा तापली की ती विरळ होते आणि फूल लांब जाते. थंडीत तेच आखूड पडते. म्हणून वैशाखात बसलेला अंदाज पौषात चुकतो, आणि बोल मात्र मुलाच्या हाताला लागतो. शिवाय आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पिसे ठिसूळ होऊन लवकर तुटतात. जाणते खेळाडू खेळण्यापूर्वी त्यांना थोडी वाफ देतात. खर्च झेपत नसेल तर रोजच्या सरावास नायलॉनचे फूल चालेल; परंतु दोहोंचे उडणे व उतरणे वेगळे, यास्तव स्पर्धेपूर्वी काही दिवस तरी पिसांच्या फुलावर खेळवावे. उघड्यावर खेळावयाचे तर वारा सुटण्यापूर्वीची पहाट साधावी.

आता स्पर्धा. शालेय स्पर्धांत १४, १७ व १९ वर्षांखालील गट असतात आणि जिल्ह्यावरून अमरावती विभाग, तेथून राज्य, अशी वाट असते. १२-१३ व्या वर्षी एकाच वयाच्या दोन मुलांच्या वाढीत दोन-तीन वर्षांचे अंतर दिसू शकते. ज्याला मिसरूड फुटू लागली तो ताकदीवर जिंकतो, किरकोळ बांध्याचा हरतो, आणि बाप म्हणतो, पोरात जिद्द नाही! याच घाईतून दाखल्यावर वय कमी लावण्याची कीड आपल्या देशातील कनिष्ठ गटांत शिरली आहे. बापाने आपल्याकरिता खोटे केले, हे ज्या मुलाला ठाऊक आहे, त्याला पंचाचा निर्णय मानावयास कोणत्या तोंडाने सांगावे?

सांगलीचे नंदू नाटेकर तरुणपणी टेनिस खेळत. कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत रामनाथन कृष्णन यांच्याकडून पराभव झाल्यावर ते बॅडमिंटनाकडे वळले, आणि १९५६ साली क्वालालंपूर येथील स्पर्धा जिंकून परदेशी अजिंक्यपद मिळविणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. अर्थात तो काळ निराळा. आज इतक्या उशिरा आरंभ करून भागणार नाही, हे मान्य केले पाहिजे.

अधिक जवळचे उदाहरण नागपूरच्या मालविका बनसोड हिचे. आईवडील दोघेही दंतवैद्य. मुलगी पुढे जाऊ लागली तेव्हा आईने खेळातील शरीराच्या हालचालींच्या शास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण स्वतः घेतले. आणि मुलीने रायपूर येथे संजय मिश्रा यांच्याकडे शिकावयाचे ठरले, तेव्हा तीही सोबत गेली. जानेवारी २०२२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, दिल्लीच्या इंडिया ओपन स्पर्धेत मालविकाने सायना नेहवाल हिला २१-१७, २१-९ असे हरविले.

कपाशीवर चालणाऱ्या घरातून आईने परगावी बिऱ्हाड करणे सोपे नाही, हे मी जाणतो. तेव्हा मूल १३-१४ वर्षांचे झाले आणि हरल्याच्या दुसऱ्या दिवशीही आपण होऊन उठून सरावाला जात असले, तर प्रथम सुट्टीत महिनाभरच शिक्षकाकडे ठेवावे. त्याचे जेवण, झोप व राहण्याची जागा स्वतः जाऊन पाहावी. तेथून आल्यावर ते काय सांगते ते मध्येच न तोडता ऐकावे, आणि मग पुढचा विचार करावा.

यवतमाळला सामना हरून एस.टी.ने परतताना मात्र खेळाविषयी चकार शब्द काढू नये. मुलाला भूक लागलेली असते. स्थानकावर काही खाऊ घालावे, खिडकीपाशी बसू द्यावे. आर्णी येईपर्यंत बहुधा तेच सांगू लागते, की तिसऱ्या डावात मागच्या कोपऱ्यात आपण उशिरा का पोहोचलो.