पेडण्याच्या किनाऱ्यावरचे हंगामी गावकरी

मोरजीच्या बाजारात औषधांच्या दुकानाबाहेर रशियन लिपीतली पाटी दिसते, तशीच ती भाड्याच्या स्कूटरच्या टपरीवर आणि दात काढणाऱ्या डॉक्टरच्या दारावरही दिसते. किराणा दुकानात सोलं, कुळीथ आणि उकडा तांदूळ मांडलेल्या फळीच्या वरच कुट्टूच्या पिशव्या असतात, कारण रशियन घरात कुट्टूची खिचडी भातासारखी रोज शिजते. सकाळी भोंगा वाजवत पाव विकणारा पोदेर सायकलवरून येतो तेव्हा त्याच्या टोपलीतले पोई आणि उंडे घ्यायला गावातल्या बायकांबरोबर हे रशियन शेजारीही कुंपणाशी येऊन उभे राहतात.

चापोरा नदीच्या उत्तरेला मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल आणि थेट केरीपर्यंतच्या पट्ट्यात ऑक्टोबर ते एप्रिल हे चित्र असतं. चार दिवस हॉटेलात राहून जाणारा तो पर्यटक. हे लोक मात्र महिनोन्‌महिने भाड्याच्या खोलीत राहतात, स्वयंपाक करतात, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून लसणीच्या माळा आणि मोयरेची केळी आणतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच घरमालकाकडे उतरतात. माझ्या मते हे हंगामी गावकरीच आहेत. पण पंचायतीच्या कुठल्याही हिशेबात ते गावकरी नाहीत. याचा त्रास गावाला होतो, तसाच त्यांनाही.

परदेशी लोकांचं हे येणं जुनं आहे. 1960च्या दशकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेतून तरुण मुलं इस्तंबूल, तेहरान, काबूल अशी मजल दरमजल करत जमिनीच्या वाटेने गोव्यात पोचली आणि हणजुणे-बागाच्या किनाऱ्यावर राहिली. 1979 साली इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट बंद पडली. पुढे विमानं आली, कळंगुट-बागा गजबजलं, आणि शांतता शोधणारे नदी ओलांडून पेडण्यात आले. शिवोलीचा पूल होण्याआधी शिवोलीहून इकडे यायला फेरीबोटच लागे, त्यामुळे हा किनारा बराच काळ आडबाजूला राहिला होता. पेडणे ही नवी काबिजाद, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून घेतलेला मुलूख. सावंतवाडीकडून त्यांच्याकडे ती अठराव्या शतकाच्या अखेरीस गेली. त्यामुळे इथल्या देवळांत, दशावतारात आणि बोलण्यात सावंतवाडीचा सूर आजही स्पष्ट ऐकू येतो. याच तालुक्यातल्या मोपा विमानतळावरून जानेवारी 2023 मध्ये उड्डाणं सुरू झाली आणि आडबाजू उरलीच नाही.

एवढी वर्षं येऊनही या लोकांची इथे घरं का नाहीत, असा प्रश्न पडतो. उत्तर कायद्यात आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला भारतात घर किंवा जमीन विकत घेता येत नाही. परवानगी न काढता भाडेपट्टा करता येतो तो फार तर 5 वर्षांचा. बहुतेक पर्यटक व्हिसांवर सलग 90 किंवा 180 दिवसांपलीकडे राहताही येत नाही. परदेशी माणूस खोलीत उतरला की 24 तासांच्या आत घरमालकाने त्याची नोंद परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे करायची असते. लोकांच्या तोंडी तिचं नाव ‘सी फॉर्म’. शिवाय पर्यटकांना खोल्या द्यायच्या तर गोव्याच्या 1982च्या कायद्याप्रमाणे पर्यटन खात्यात नोंदणी लागते. हे सगळं व्यवस्थित करणारे घरमालक आहेत. मागच्या अंगणात चार खोल्या चढवून काहीच न करणारेही आहेत. अशा खोलीत चोरी झाली किंवा भाड्यावरून वाद झाला, तर भाडेकरू पोलिसांकडे जायला कचरतो आणि मालकही.

पैशांची गोष्ट 2022च्या मार्चमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आली. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर व्हिसा आणि मास्टरकार्ड कंपन्यांनी रशियातला व्यवहार थांबवला आणि रशियन बँकांची कार्डं देशाबाहेर चालेनाशी झाली. ऐन हंगामात माणसं एटीएमसमोर उभी होती आणि यंत्रातून पैसे निघत नव्हते. अशा वेळी उधारीची वही उघडायची की नाही हे दुकानदाराला स्वतःच ठरवावं लागतं. त्याच्या दोन वर्षं आधी टाळेबंदीत विमानं बंद झाली, तेव्हाही अडकलेल्या परदेशी लोकांचा रोजचा आधार गावच होता.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पाणी. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये पडून समुद्राला मिळतो. माणसांची गर्दी होते ती नेमकी कोरड्या महिन्यांत. जुन्या घराची एक विहीर असते, तिच्यावर एका कुटुंबाचं भागत असे. आता त्याच विहिरीवर पंप बसतो, गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग लागते, आणि मार्च-एप्रिलमध्ये पंप गढूळ पाणी ओढू लागला की टँकर बोलावतात. किनाऱ्यालगत उपसा वाढला की गोडं पाणी खाली जातं आणि खारं पाणी विहिरीकडे सरकतं. एकदा खारट झालेली विहीर सहजी सुधारत नाही. नळाचं पाणी म्हणावं तर ते चांदेलच्या शुद्धीकरण प्रकल्पातून येतं, आणि त्यामागे आहे तिळारी.

तिळारीचं धरण महाराष्ट्रात, सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आहे. प्रकल्प दोन्ही राज्यांचा. त्यासाठी गावं उठली ती दोडामार्गातली, आणि त्या लोकांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. कालवा फुटला किंवा दुरुस्तीसाठी बंद ठेवला की पेडणे आणि बार्देशातले नळ कोरडे पडतात. मांद्र्याच्या खोलीत अंघोळ करणाऱ्याला ही साखळी ठाऊक नसते, त्याला ती कुणी सांगतही नाही. मला वाटतं, प्रत्येक भाड्याच्या खोलीत ती लिहून लावावी.

दवाखान्याचंही तसंच. स्कूटर घसरून पाय मोडला तर किनाऱ्यावरच्या दवाखान्यात मलमपट्टी होते, म्हापशाला जिल्हा रुग्णालय आहे, आणि दुखापत गंभीर असली की 108 ची गाडी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजकडे निघते. या संस्थेची परंपरा 1842 सालच्या वैद्यकीय शाळेपर्यंत जाते. सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्गचे रुग्णही पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जात आले आहेत. 2018 च्या सुरुवातीला गोव्याबाहेरच्यांना शुल्क लागू झालं तेव्हा सिंधुदुर्गात मोठा क्षोभ उसळला. तिळारीचं पाणी तिकडे जायचं आणि दोडामार्गचा रुग्ण तिकडे परका ठरायचा, हे सिंधुदुर्गातल्या लोकांना लागलं, आणि त्यांचं लागणं रास्त होतं.

याच हंगामात मोरजीच्या वाळूत नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि वनखातं त्या जागा राखतं. त्या भागात रात्रीचा झगमगाट आणि गाणी नकोत असा नियम आहे, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने चालत सुटतात. नियम पाळायला लावणं मात्र दर हंगामाला नव्याने करावं लागतं.

करता येण्यासारखं एक काम आहे. खोल्यांत उतरणाऱ्या परदेशी माणसांची नोंद आधीच होते, पण ती पोलिसी कामासाठी. ग्रामपंचायतीचा त्यात कुठे संबंध येत नाही. पंचायत पाणी, कचरा आणि रस्त्याचा अंदाज बांधते तो गावच्या लोकसंख्येवरून, आणि हातात आकडे असतात 2011च्या जनगणनेचे. नावं आणि पासपोर्ट कुणाला देण्याची गरज नाही. कुठल्या गावात कुठल्या महिन्यात किती माणसं राहत होती, एवढाच आकडा पंचायतीला मिळाला, आणि दिल्ली-बंगळुरूहून लॅपटॉप घेऊन महिनोन्‌महिने राहायला येणाऱ्यांची गणतीही त्यात धरली, तर जानेवारीत किती पाणी लागेल आणि कचऱ्याच्या किती फेऱ्या लागतील हे ऑक्टोबरच्या ग्रामसभेतच मांडता येईल.