जुन्या चित्रफितींचे जतन : वेळ थोडा, काम मोठे

दादासाहेब फाळके यांनी दादर येथे निर्माण केलेला ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. पुढे १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातीलच मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. आज यांपैकी पहिल्या चित्रपटाचा केवळ काही भाग उरला आहे, तर दुसऱ्याची एकही प्रत ज्ञात नाही. चित्रपटांच्या बाबतीत जे घडले तेच आता दूरचित्रवाणीच्या चुंबकीय चित्रफितींच्या बाबतीत घडण्याचा संभव आहे. फरक इतकाच की, या वेळी धोका आधीच कळलेला आहे आणि त्यावरील उपायही ज्ञात आहे.

वरळीतून उमटलेला आवाज

मुंबई दूरदर्शन केंद्राचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाले. दिल्लीनंतर देशातील हे दुसरे केंद्र. परळ-लालबागच्या गिरणगावाला लागून असलेल्या वरळीतून शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’, तसेच ‘ज्ञानदीप’, ‘गजरा’, ‘चिमणराव’ यांसारखे कार्यक्रम महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. नट, लेखक, गायक व शेतीतज्ज्ञ यांची बोलती-चालती रूपे त्यांत नोंदली गेली.

सुरुवातीच्या काळात पुष्कळ कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. जे मुद्रित होत तेही कायम राहतच असे नाही. टेप महाग होती आणि ती पुसून पुन्हा वापरता येई. त्यामुळे जगभरातील केंद्रांत जुन्या कार्यक्रमावर नवा कार्यक्रम मुद्रित करण्याची प्रथा होती. १९६९ सालच्या चंद्रावतरणाच्या मूळ संकेतांच्या टेपादेखील पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष अमेरिकेच्या ‘नासा’ने २००९ मध्ये काढला. या प्रथेतून जे वाचले, त्याचे मोल म्हणूनच अधिक आहे. सह्याद्री वाहिनीने आपल्या संग्रहातील काही जुने कार्यक्रम डिजिटल रूपात पुन्हा प्रेक्षकांपुढे आणले, तेव्हा या ठेव्याची महती नव्या पिढीलाही कळून आली.

हा ठेवा केवळ सरकारी संग्रहात आहे असे नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावाचे रूप पालटत गेले. चाळी, गिरण्यांचे भोंगे, कामगारांचे मेळावे आणि गणेशोत्सव यांचे त्या काळातील चित्रण नाट्यसंस्थांच्या, कामगार संघटनांच्या व उत्सव मंडळांच्या कपाटांत पडून असण्याची शक्यता आहे. जिल्हा परिषदा, शाळा व सहकारी संस्था यांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल.

टेप का बिघडते ?

व्यावसायिक चित्रफितींचे अनेक प्रकार होते. १९७१ मध्ये आलेली यू-मॅटिक कॅसेट पाऊण इंच रुंदीच्या टेपेची होती. १९८२ मध्ये अर्ध्या इंचाची बीटाकॅम आणि १९८६ मध्ये तिचा सुधारित प्रकार, बीटाकॅम एसपी, प्रचारात आला. अशा प्रकारांना सहसा त्यांचेच यंत्र लागते. यू-मॅटिकची कॅसेट बीटाकॅमच्या यंत्रात चालत नाही.

टेप म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पट्टी. तिच्यावर चुंबकीय कणांचा थर एका चिकट द्रव्याने बांधलेला असतो. हे द्रव्य हवेतील ओलावा शोषून हळूहळू विघटित होते. मग टेप चिकट बनते, यंत्रातून सरकताना करकरते आणि तिचा थर यंत्राच्या शीर्षावर खरवडून निघतो. त्या थराबरोबर चित्रही कायमचे जाते. पावसाळ्यात मुंबईची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. अशा हवेत बंद कपाटातील टेपेला बुरशी लागण्यास वेळ लागत नाही.

दुसरे संकट यंत्रांचे आहे. अर्ध्या इंचाच्या टेपेवर चालणाऱ्या व्यावसायिक यंत्रांची विक्री मार्च २०१६ पर्यंत बंद करण्याचे सोनी कंपनीने जाहीर केले होते. जुन्या यंत्रांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे कारागीर दोन्ही दुर्मीळ होत आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने याच कारणास्तव २०२५ हे वर्ष धोक्याची मर्यादा म्हणून पुढे ठेवले होते. ते वर्ष उलटले आहे. टेप सुस्थितीत असूनही ती चालविणारे यंत्र नसेल, तर तिच्यावरील चित्र नसल्यासारखेच आहे.

रूपांतराची रीत

प्रथम टेपेची तपासणी होते. बुरशी लागलेली टेप यंत्रात घातल्यास यंत्र आणि त्यानंतरच्या टेपा दोन्ही दूषित होतात; म्हणून ती वेगळी काढून स्वच्छ करावी लागते. चिकट झालेल्या काही प्रकारच्या टेपांना नियंत्रित भट्टीत सुमारे ५० अंश सेल्सियस तापमानात कित्येक तास ठेवतात. त्यामुळे टेप काही दिवसांपुरती चालण्याजोगी होते. हा उपाय सर्व टेपांना लागू नाही आणि तो तज्ज्ञांनीच करावयाचा आहे. स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये असा प्रयोग करणे म्हणजे टेप गमावणे होय.

त्यानंतर टेप तिच्या मूळ प्रकारच्या, नीट जुळविलेल्या यंत्रावर चालविली जाते. जुन्या टेपेची गती किंचित कमीजास्त होते आणि त्यामुळे चित्राच्या रेषा थरथरतात. ‘टाइम बेस करेक्टर’ हे उपकरण प्रत्येक रेषा क्षणभर साठवून योग्य वेळी पुढे पाठविते व चित्र स्थिर करते. या स्थिर संकेताचे आकड्यांत रूपांतर होऊन संगणकीय फाइल तयार होते.

फाइल कोणत्या प्रतीची ठेवावी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्याकडील जुन्या पद्धतीच्या चित्राची पूर्ण गुणवत्ता राखल्यास एका तासाच्या चित्रणाला सुमारे ९३ गिगाबाइट जागा लागते. काहीही न गमावता आकार घटविणाऱ्या ‘एफएफव्ही१’सारख्या खुल्या पद्धतीने ही जागा बरीच कमी होते. भ्रमणध्वनीवर पाहण्यासाठी लहान प्रत जरूर काढावी; परंतु तीच जतनाची प्रत समजणे चुकीचे आहे. एकदा गाळलेला तपशील पुन्हा मिळत नाही.

या कामात घाई चालत नाही. एका तासाची टेप वाजायला एक तासच लागतो. समजा, एखाद्या संस्थेकडे १,००० तासांचे चित्रण आहे आणि एका यंत्रावर रोज ५ तास काम होते. वर्षाचे २५० कामाचे दिवस धरले, तरी सुमारे दहा महिने लागतील. म्हणून कोणती टेप आधी घ्यावी याचा क्रम ठरविणे, हे पहिले काम ठरते. जिची दुसरी प्रत कोठेही नाही आणि जिची प्रकृती खालावत आहे, ती टेप अग्रक्रमाने घ्यावी.

संस्थांनी काय करावे ?

प्रारंभी यादी करावी : कॅसेटचा प्रकार, तिच्यावरील मजकूर, वर्ष, चित्रणाचा विषय आणि त्यातील व्यक्ती व स्थळे. चित्रातील माणसे ओळखणारी वयोवृद्ध मंडळी आहेत तोवर नावे नोंदवून घ्यावीत. नाव नसलेल्या चित्राचे मोल निम्मे होते. कॅसेट उभ्या, कोरड्या व थंड जागी, ध्वनिवर्धक व विद्युत मोटारींपासून दूर ठेवाव्यात. ‘चालते का पाहू’ म्हणून जुनी टेप वाटेल त्या यंत्रात घालू नये.

रूपांतरानंतर फाइलच्या किमान तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी. फाइलचा ‘चेकसम’, म्हणजे तिच्या आशयावरून काढलेला आकडा, नोंदवून ठेवल्यास पुढे तीत बदल झाला की काय हे ताडून पाहता येते. साठवणीची साधनेही जुनी होतात. ती ठराविक काळाने बदलण्याची तरतूद अंदाजपत्रकात असावी. मूळ टेप मात्र टाकून देऊ नये. शासकीय कार्यालयांनी टेप निकालात काढण्यापूर्वी ‘महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५’ मधील तरतुदी पाहणे अगत्याचे आहे. खासगी कलाकृतींबाबत हक्कधारकांची अनुमती घ्यावी लागते, हेही विसरून चालणार नाही.

युनेस्कोच्या वतीने दरवर्षी २७ ऑक्टोबर हा दृक्‌श्राव्य वारसा दिन पाळला जातो. त्या निमित्ताने प्रत्येक शाळेने, पंचायतीने आणि कार्यालयाने आपले जुने कपाट उघडून त्यातील कॅसेटची यादी केली, तरी या कामाचा पाया घातला जाईल. यादीला खर्च जवळजवळ नाही आणि यंत्रही लागत नाही. टेपेवर काय आहे हे ज्यांना सांगता येईल, अशी माणसे अद्याप आपल्यात आहेत, तोवरच ती व्हावयास हवी.